व्हीपीएस घ्यायचा की मॅनेज्ड क्लाउड? कार्ड काढायच्या आधी कागद काढा

रविवारी सकाळी दहाला टेस्ट, आणि १० वाजून ४ मिनिटांनी सरांचा फोन. "अरे पोर्टल उघडतच नाहीये, पालक ओरडतायत इकडे." पुण्यातला एक मध्यम क्लास, अकरावी-बारावीची मिळून ४०० च्या आसपास मुलं, पोर्टल मीच लारावेलमध्ये (पीएचपी भाषेतली तयार चौकट) करून दिलेलं, डेटाबेस मायएसक्यूएल, आणि हे सगळं १ जीबी रॅम अन् एका कोअरच्या (सीपीयूच्या एकाच गाभ्याच्या) व्हर्च्युअल सर्व्हरवर कोंबलेलं. आठवडाभर तो सर्व्हर नुसता पडून असायचा, त्यामुळे मला वाटायचं काय मस्त स्वस्तात भागवलंय. त्या दिवशी सरांच्या भाच्यानं लगेच सुनावलं की हे सगळं क्लाउडवर टाका, आपोआप स्केल होतं, म्हणजे गर्दी वाढली की मशीन वाढतात, आणि मी पण घाबरून संध्याकाळी तेच करायला बसलो होतो. नशीब की आधी कॅल्क्युलेटर उघडला.

त्या दिवसानंतर हाच प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारलाय, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. पायऱ्या दिल्यात, पण सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत, पहिल्या तीन मात्र अजिबात गाळू नका.

आधी दोन्ही म्हणजे काय ते. व्हीपीएस, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, ही भाड्यानं घेतलेली रिकामी खोली. डिजिटलओशनचा ड्रॉपलेट, लिनोड, हेट्झनर, ॲमेझॉनचं लाइटसेल, सगळे याच जातीचे. महिन्याचं भाडं ठरलेलं, आत गॅस, भांडी, झाडू सगळं आपलं, नळ गळला तर आपणच बघायचं. मॅनेज्ड म्हणजे मेसचा डबा. डेटाबेससाठी ॲमेझॉनचं आरडीएस, कोडसाठी गूगलचं क्लाउड रन, हेरोकू वगैरे. स्वयंपाक, भांडी त्यांची, पण भाजी कुठली आणि किती वाजता ते पण तेच ठरवणार. आणि जादा पोळीचे पैसे वेगळे, हे विसरायचं नाही.

पायरी १: कागदावर चार चौकोन काढा

लोक विचारतात "माझं ॲप कुठे टाकू?" आणि घोळ तिथेच होतो, कारण ॲप ही एक वस्तू नसते. निदान चार तुकडे असतात: कोड, डेटाबेस, फायली म्हणजे अपलोड झालेले फोटो-पीडीएफ, आणि मागे चालणारी कामं म्हणजे ईमेल, रात्रीचे रिपोर्ट, क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं). चार चौकोन काढा आणि प्रत्येकात एकच गोष्ट लिहा, हे आज रात्री उडालं तर उद्या सकाळी काय होईल.

क्लासचं लिहिलं तेव्हा असं झालं. कोड उडाला तर? गिटवर आहे, म्हणजे प्रत दुसरीकडे ठेवलेली, अर्ध्या तासात परत. प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उडाल्या तर? सरांच्या लॅपटॉपवर आहेत, वैताग होईल पण मिळतील. ईमेल गेले नाहीत तर? कुणाला कळणार पण नाही. दोन वर्षांचे मार्क उडाले तर? तिथे मी पेन खाली ठेवलं.

म्हणजे चारातला एकच चौकोन असा निघाला की ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजणं मला पटलं. तुमच्याकडे दोन निघतील, फोटोग्राफरच्या साइटला फायलींचा चौकोन जड असेल. मी आता कुठल्याच ग्राहकाला "सगळं व्हीपीएसवर" किंवा "सगळं मॅनेज्डवर" असं सांगत नाही. चौकोनागणिक ठरवायचं.

पायरी २: लोड मोजा, आणि सरासरी मोजू नका

क्लासच्या पोर्टलची सरासरी काढली तर तासाला चार-पाच लोक, आणि त्या आकड्याला काही अर्थ नाही. रविवारी दहाला ४०० मुलं एकदम येतात, तोच खरा आकडा. टेस्ट चालू असताना प्रत्येक मुलाची उत्तरं दर १५ सेकंदांनी सेव्ह होतात, म्हणजे ४०० भागिले १५, सेकंदाला २७ रिक्वेस्ट. हे ऐकायला भारी वाटतं पण खरं सांगायचं तर दोन कोअरचा साधा सर्व्हर हे चहा पीत पीत करतो.

मग पडला कसा? लॉग काढून बघितले तर सेव्हच्या रिक्वेस्ट नव्हत्याच, सगळ्या लॉगिनच्या होत्या. पासवर्ड तपासायला लारावेल बीक्रिप्ट वापरतं, आणि बीक्रिप्ट मुद्दाम हळू बनवलेलं असतं, म्हणजे चोराला लाखो पासवर्ड पटापट ताडून बघता येऊ नयेत. माझ्या त्या सर्व्हरवर एका लॉगिनला जवळपास पाव सेकंद सीपीयू लागत होता. ४०० गुणिले पाव म्हणजे १०० सेकंद, आणि कोअर एकच. एनजिनएक्स हे पुढचं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर पीएचपीची वाट साधारण ६० सेकंद बघतं, मग ५०४ ची एरर फेकतं. एरर दिसली की मुलं काय करणार, रिफ्रेश मारणार. की परत लॉगिन, परत पाव सेकंद, रांग आणखी लांब. डेटाबेस बिचारा तेव्हा जवळजवळ रिकामा बसलेला.

याला ऑटो स्केलिंगनं पण फारसा फरक पडला नसता, कारण नवीन मशीन उभं राहून कामाला लागायला मिनिट-दोन मिनिटं जातात आणि आमचा सगळा तमाशा पहिल्या तीन मिनिटांतच होता. उपाय निघाला फुकटचा: लॉगिन साडेनऊला उघडायचं, पेपर दहाला दिसायचा. मुलं आपोआप अर्ध्या तासात विखुरतात.

म्हणून सांगतो, कुठलाही प्लॅन घ्यायच्या आधी लोड असताना सर्व्हरवर टॉप कमांड (कोण किती सीपीयू-रॅम खातंय ते दाखवणारी) चालवून बघा. सीपीयू भरलाय, रॅम संपलीय, का डिस्कची वाट बघत बसलाय? त्यात एसटी नावाचा एक आकडा असतो, तो वर चढलेला दिसला तर सीपीयू तुम्हाला पूर्ण मिळत नाहीये, खालच्या मशीनवर शेजाऱ्यांची गर्दी आहे किंवा तुमचाच कोटा संपलाय असं समजा.

कोट्यावरून आठवलं. स्वस्तातली बरीच मशीन बर्स्ट प्रकारची, म्हणजे थोडा वेळच पूर्ण वेगानं पळणारी असतात. ॲमेझॉनचं टी३ मायक्रो घ्या, दोन कोअर दिसतात पण दर कोअरला कायमचा हक्क फक्त १० टक्क्यांचा. तासाला १२ क्रेडिट जमा होतात, एक क्रेडिट म्हणजे एक कोअर एक मिनिट फुल्ल, आणि जास्तीत जास्त २८८ साठतात. म्हणजे दोन्ही कोअर दोन-अडीच तास पळवता येतात, मग संपलं. आठवड्यातून एकदा टेस्ट घेणाऱ्याला हे छान आहे, पण दिवसभर व्हिडिओ कन्व्हर्ट करणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये. टी३ क्रेडिट संपल्यावर थांबत नाही, मूळ सेटिंगप्रमाणे तसंच पळतं आणि लिनक्सला दर कोअरच्या दर तासाला ०.०५ डॉलर जादा लावतं. लाइटसेल उलट, ते हळू होतं. एक बिल वाढवतं, दुसरं साइट रांगायला लावतं, तुम्हाला काय परवडतं ते बघा.

पायरी ३: पूर्ण बिल मांडा, फक्त सर्व्हरचं नाही

व्हीपीएसचं बिल दोन ओळींचं असतं. २ जीबीचा साधा ड्रॉपलेट महिन्याला १२ डॉलर, आठवड्याच्या बॅकअपचे त्यावर २० टक्के, म्हणजे १४.४०. महिन्याला २ टीबी डेटा बाहेर पाठवायची मुभा त्यातच, त्यावर गेलात तर जीबीला १ सेंट. बास.

मॅनेज्डच्या बाजूला मात्र किंमतपत्रिकेतला पहिला आकडा बघून हुरळून जायचं नाही. ॲमेझॉनवर नीट पुस्तकी पद्धतीनं मांडायला गेलात की पुढे लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा) येतो, सर्व्हर आत प्रायव्हेट नेटवर्कमध्ये जातो, आणि आतून बाहेर बोलायला नॅट गेटवे लागतो. ॲमेझॉनच्या व्हर्जिनिया रीजनच्या (म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या) दरानं लोड बॅलन्सर ताशी ०.०२२५ डॉलर, महिन्याचे ७३० तास धरले तर साडेसोळाच्या आतबाहेर. नॅट गेटवे ताशी ०.०४५, म्हणजे जवळपास ३३, वर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जीबीचे वेगळे. १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या) पत्त्याला पण ताशी ०.००५ लागतात, लोड बॅलन्सर दोन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) असला की असे दोन पत्ते, म्हणजे ७.३०. बेरीज करा, ५६ च्या वर गेलं, आणि अजून ना सर्व्हर घेतलाय ना डेटाबेस! एक मुलगा पण लॉगिन झालेला नाही. मुंबईचे दर थोडे वेगळे आहेत आणि दर बदलत राहतात, म्हणून प्रत्येक कंपनीचा कॅल्क्युलेटर उघडून आपल्या रीजनचा आकडा स्वतः टाका.

नॅट गेटवेवर मी स्वतः पोळलोय. एका कामात कुठल्यातरी ट्युटोरियलवरून सगळं जसंच्या तसं उभं केलं, प्रोजेक्ट बारगळला, सर्व्हर बंद केले आणि खुश झालो. गेटवे तीन महिने बसून पैसे खात होता, कारण तो सर्व्हर नाही, सर्व्हरच्या यादीत दिसतच नाही. चूक माझीच, बिल उघडून बघायचं नाही म्हटल्यावर काय होणार.

दुसरा खड्डा म्हणजे बाहेर जाणारा डेटा. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधून महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, नंतर जीबीला ०.१०९३ डॉलर. सरांनी मध्येच काढलं की लेक्चरचे व्हिडिओ पण टाकू. ५०० जीबी गेले समजा, तर ४०० गुणिले ०.१०९३, म्हणजे ४३ डॉलर ७२ सेंट, फक्त वाहतुकीचे. तेच ड्रॉपलेटवर त्या २ टीबीत बसतं. ॲमेझॉनवरच राहायचं असेल तर पुढे क्लाउडफ्रंट (त्यांचंच फायली वाटणारं जाळं) लावा, त्याला महिन्याला १ टीबी फुकट असतं. आणि लाइटसेल मुंबईत घेताना एक बघून घ्या, तिथे प्लॅनवरची डेटा मर्यादा निम्मीच मिळते.

या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, ग्राहकाला कोटेशन देताना तो आणि डॉलरचा चढउतार धरूनच द्या. शिवाय कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेटच्या नियमांनंतर परदेशी कंपन्यांचे आपोआप कापले जाणारे पैसे अधूनमधून अडकतात, १५,००० रुपयांच्या वर तर दरवेळी ओटीपी लागतो. पेमेंट फेल झाल्याचा मेल स्पॅममध्ये आणि सर्व्हर बंद, हे माझ्या ओळखीत दोघांचं झालंय. प्रीपेड भरता येत असेल तर दोन-तीन महिन्यांचे भरून ठेवा.

पायरी ४: तुमच्या रात्रीचा भाव लावा

आता व्हीपीएस स्वस्त का, तर बाकीचं काम तुमच्या गळ्यात असतं. ते काम नक्की किती? हे एकदा पूर्ण वाचा, आणि वाचताना कंटाळा आला तर तेच तुमचं उत्तर समजा, मॅनेज्डकडे जा.

उबुंटू लिनक्सची एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टची) आवृत्ती घ्यायची, २४.०४ ला २०२९ पर्यंत साधा सपोर्ट आहे. एसएसएच की (पासवर्डऐवजी आत शिरायची किल्ली-फाइल) टाकायची, पासवर्डचं लॉगिन बंद, रूटचं (सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याचं) लॉगिन बंद. हे बदलताना चालू टर्मिनल बंद करू नका, दुसरी खिडकी उघडून आत शिरता येतंय का बघा, मगच पहिली सोडा. स्वतःलाच बाहेर कुलूप लावून घेणारे कमी नाहीत, मी पण त्यातलाच.

फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ (एसएसएच आणि वेबसाइटची) एवढीच दारं, म्हणजे पोर्ट. इथे एक भोक आहे जे खूप जणांना माहीत नसतं: डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायचं साधन) डेटाबेस चालवून त्याचं ३३०६ पोर्ट पब्लिश केलात तर डॉकर स्वतःचे नियम घालून यूएफडब्ल्यूला, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलला वळसा घालतो. तुम्ही म्हणता दार बंद आहे, आणि डेटाबेस जगाला उघडा. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहायचं, म्हणजे तो आतल्या आतच राहतो. २०१७ च्या जानेवारीत हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच उघडे सापडले, लोकांनी डेटा पुसून खंडणी मागितली होती.

सिक्युरिटी पॅच आपोआप पडतील अशी सोय उबुंटूत असते, पण मूळ सेटिंगमध्ये ती मशीन रीबूट करत नाही, त्यामुळे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) पॅच लागू व्हायला महिन्यातून एकदा तुम्हालाच रीबूट करावं लागतं. साइटच्या एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट, ९० दिवसांचं, सर्टबॉट किंवा कॅडी ते स्वतः बदलत राहतं. रॅम १ जीबी असेल तर २ जीबी स्वॅप (डिस्कवरची उसनी रॅम) लावाच, नाहीतर रॅम संपली की कर्नल सगळ्यात जाड्या प्रोसेसला मारतो, आणि सगळ्यात जाडी कोण असते तर मायएसक्यूएल.

आणि डिस्क. गणपतीत रात्री दोनला एका दुसऱ्या ग्राहकाची साइट गेली, मोबाइलवरूनच आत शिरलो, डीएफ -एच मारलं तर डिस्क १०० टक्के भरलेली. कोण खातंय म्हणून एकेक फोल्डर मोजत गेलो तर डॉकरच्या एका कंटेनरची लॉग फाइल एकटीच १९ जीबी. डॉकर मूळ सेटिंगमध्ये लॉगला मर्यादा घालतच नाही, ती आपण घालायची असते. लॉग भरले, डिस्क भरली, मायएसक्यूएलला लिहायला जागा नाही, संपला विषय. तेव्हापासून नवीन सर्व्हर घेतला की मी आधी लॉगची मर्यादा घालतो आणि डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मेल येईल असं लावतो, बाकीचं नंतर. साइट चालू आहे का हे बघणारा मॉनिटर मात्र बाहेरच्या जागेवर हवा, त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हर मेल्यावर सांगणार कोण?

बॅकअपचं जरा थांबून वाचा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एसबीजी२ हे डेटा सेंटर आगीत पूर्ण जळलं. ज्यांचे बॅकअप पण त्याच आवारात होते त्यांचं दोन्ही गेलं. म्हणजे कंपनीच्या बटणावरचा बॅकअप घ्या, पण रोज रात्री एक डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) दुसऱ्याच कंपनीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फायली ठेवायच्या ऑनलाइन गोदामात) पाठवा. आणि कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण: चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड गेली, आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच पद्धती होत्या पण एकही धड चालत नव्हती. सहा तास आधी कुणीतरी हातानं घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून वाचले, तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. एवढी मोठी टीम असून. त्यामुळे मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी डंप लॅपटॉपवर उतरवतो, रीस्टोर करतो आणि गेल्या आठवड्याचे मार्क दिसतात का ते डोळ्यांनी बघतो. वीस मिनिटं लागतात.

सगळं धरून पहिल्या दिवशी तीन-चार तास आणि नंतर महिन्याला दोन तास. तुमच्या तासाचा दर लावा आणि मग १२ डॉलरचा सर्व्हर खरंच १२ चा आहे का ते बघा. रात्री दोनचा फोन उचलणारा दुसरा कुणी नसेल तर तो पण आकडा धरा.

पायरी ५: मॅनेज्ड काय देतं आणि काय देत नाही

आरडीएस घेतलंत तर रोजचे बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतात, मधल्या कुठल्याही क्षणाला परत जाता येतं, साधारण शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत. मल्टी एझेड (दुसऱ्या झोनमध्ये राखीव मशीन) लावलंत तर मुख्य मशीन मेल्यावर दुसरं साधारण एक-दोन मिनिटांत ताबा घेतं, पण त्याचे पैसे जवळपास दुप्पट. पॅच तेच लावतात. हे सगळं स्वतः धड उभं करायचं म्हटलं तर महिना जाईल, त्यामुळे डेटाबेसच्या बाबतीत मला हे पैसे अजिबात महाग वाटत नाहीत.

पण. हळू चालणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मॅनेज्डवर पण हळूच चालते, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) तुम्हालाच टाकायचाय. मागच्या क्षणाला परत जाता तेव्हा जुना डेटाबेस मागे सरकत नाही, शेजारी नवीन उभा राहतो, त्याचा पत्ता वेगळा, ॲपमध्ये तो बदलावा लागतो, ही गोष्ट आणीबाणीत कळण्यापेक्षा आत्ता कळलेली बरी. पूर्ण सुपरयुझर (सगळे हक्क असलेलं खातं) मिळत नाही, तुम्हाला लागणारं एखादं एक्स्टेन्शन नसेल तर नसेल. पैसे वाचवायला डेटाबेस थांबवून ठेवलात तर सात दिवसांनी आरडीएस तो स्वतःच चालू करतं. जुनी आवृत्ती धरून बसलात तर त्याचा दंड, मायएसक्यूएल ५.७ वाल्यांना १ मार्च २०२४ पासून दर कोअरमागे जादा आकार लागला. छोट्या प्लॅनला कनेक्शनची पण मर्यादा असते, डिजिटलओशनच्या १ जीबीच्या पोस्टग्रेस डेटाबेसला तुमच्या हातात २२ येतात, तेवढ्यात भागत नसेल तर मध्ये पूलर (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा) लावा.

कोडसाठी मॅनेज्ड म्हणजे क्लाउड रन वगैरे, तिथे लोक हमखास आपटतात ते फायलींवर. तिथली डिस्क तात्पुरती असते. मुलांनी अपलोड केलेले फोटो सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवत असाल तर पुढच्या डिप्लॉयला (नवीन कोड चढवताना) ते गायब. आधी फायली ऑब्जेक्ट स्टोरेजवर हलवा, मगच तिकडे जा. क्रॉन पण वेगळं मांडावं लागतं. आणि कुणी येत नसेल तर ते शून्यावर जातं, पैसे लागत नाहीत, पण पहिल्या माणसाला थोडं थांबावं लागतं.

फुकटच्या प्लॅनवर धंदा उभा करू नका एवढंच म्हणेन, हेरोकूनं २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकटचे प्लॅन बंद केले तेव्हा कित्येकांच्या कॉलेज प्रोजेक्टचे दिवे गेले.

पायरी ६: आता ठरवा

दुकानाची पाच पानांची साइट किंवा साधं वर्डप्रेस असेल तर यातलं काहीच नको, चांगलं शेअर्ड होस्टिंग घ्या आणि झोपा. शिकायचं असेल, स्वतःचा फावल्या वेळचा उद्योग असेल, पडलं तर कुणाचं नुकसान नाही, तर ६ डॉलरचा व्हीपीएस घ्या आणि मोडून मोडून शिका, यापेक्षा स्वस्त क्लास नाही.

दुसऱ्यांचा डेटा सांभाळताय, माणूस एकटा किंवा दोघं, ट्रॅफिकचा अंदाज येतो, तर कोड व्हीपीएसवर आणि डेटाबेस मॅनेज्ड. बहुतेक लोक इथे बसतात. फक्त दोन्ही एकाच डेटा सेंटरमध्ये हवेत! ड्रॉपलेट बंगळूरला तर डेटाबेस पण बंगळूरलाच. एका पानाला ३० क्वेरी लागतात समजा, आत एक मिलिसेकंद लागला तर ३० मिलिसेकंद, पण डेटाबेस समुद्रापलीकडे ६० मिलिसेकंदांवर असेल तर १.८ सेकंद, आणि मग तुम्ही म्हणणार मॅनेज्ड डेटाबेस हळू आहे.

कधीतरीच येणारं काम, म्हणजे पेमेंटचा वेबहुक (पैसे आले की आपोआप येणारा निरोप) किंवा महिन्यातून एकदाचा रिपोर्ट, ते ॲमेझॉनच्या लॅम्डा किंवा क्लाउड रनवर टाका. लॅम्डा महिन्याला १० लाख रिक्वेस्ट फुकट देतं, फक्त १५ मिनिटांच्या वर काम चालत नाही. चार-पाच जणांची टीम, पैशांचे व्यवहार, बंद पडलं तर तासाला नुकसान, तर मॅनेज्डला नाक मुरडू नका, एका इंजिनिअरच्या पगारापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणि लोड मोठा पण एकसारखा असेल तर परत उलटं. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्सनं २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं आणि स्वतःचे सर्व्हर घेतले. २०२३ मध्ये खुद्द ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं लिहिलं की व्हिडिओचा दर्जा तपासणारी त्यांची यंत्रणा लॅम्डा वगैरे तुकड्यांतून काढून एकत्र केली आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला. म्हणून तुम्ही पण उद्या सर्व्हर विकत घ्या असं नाही, त्यांच्याकडे ते सांभाळायला माणसं आहेत.

पायरी ७: खातं कुणाच्या नावावर, आणि कायद्याचं थोडं

खातं ग्राहकाच्या ईमेलवर, ग्राहकाच्या कार्डावर, तुम्हाला आत बोलावलेलं. एक डेंटिस्टबाई माझ्याकडे आल्या होत्या, आधीच्या पोरानं सगळं स्वतःच्या जीमेलवर काढलेलं आणि पोरगा कॅनडाला, फोन उचलत नाही. डोमेन सुद्धा त्याच्याच नावावर. सोडवायला सात आठवडे गेले. मुख्य खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, आणि बजेटची सूचना पहिल्याच दिवशी लावा. ॲमेझॉनचं बजेट नुसतं लावलं तर फक्त मेल करतं, खर्च थांबवत नाही, आणि आकडे काही तास मागे चालतात, एवढं ध्यानात असू द्या.

२८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. म्हणजे वर म्हटलं तसं लॉगला मर्यादा घाला, पण जुने पुसू नका, गुंडाळून ऑब्जेक्ट स्टोरेजवर पाठवा. पेमेंटचा डेटा रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या नियमानं भारतातच राहायला हवा, तो स्वतः साठवूच नका, पेमेंट गेटवेवाल्याकडे राहू द्या. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या खालचं प्रत्येक जण मूल धरलंय, क्लास-शाळांचं काम करणाऱ्यांनी पालकांच्या संमतीचं प्रकरण वकिलाला विचारून घ्यावं.

तर सरांचं शेवटी असं केलं. बंगळूरला दोन कोअर ४ जीबीचा ड्रॉपलेट २४ डॉलर, त्याचे बॅकअप ४.८०, शेजारीच मॅनेज्ड मायएसक्यूएल १५ च्या आसपास, एकूण ४४ आणि वर जीएसटी. मोठी सराव परीक्षा असेल तर शनिवारी रात्री ड्रॉपलेट बंद करून फक्त सीपीयू-रॅम वाढवतो, डिस्क वाढवत नाही, कारण डिस्क एकदा वाढवली की मागे फिरता येत नाही. सोमवारी परत खाली.

नंतरच्या रविवारी साडेनऊला लॉगिन उघडलं आणि चहा घेऊन टॉप लावून बसलो. दहाला सीपीयू ३१ टक्के. १० वाजून ६ मिनिटांनी सरांचा फोन आलाच, छातीत धस्स झालं. सतराव्या प्रश्नात ब आणि क दोन्ही पर्याय सारखेच छापले गेले होते.